रुग्णालयात मिसळून दिलेली स्टेरॉइड औषधे : निर्जंतुकता, टिकाऊपणा आणि बाटलीवरची तारीख

कारखान्यातून तयार होऊन न येता, डॉक्टरांच्या चिठ्ठीबरहुकूम एका विशिष्ट रुग्णासाठी औषधनिर्मात्याने मिसळून, विरघळवून किंवा पातळ करून दिलेल्या औषधाला कंपाउंडेड औषध म्हणतात. या क्रियेसाठी मराठीत आज रूढ शब्द उरलेला नाही. ती करणाऱ्या माणसासाठी असलेला ‘कंपाउंडर’ हा शब्द मात्र घराघरांत माहीत आहे. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर मात्रेच्या खुणा करणारा दवाखान्यातील कंपाउंडर, किंवा गोव्यातील जुन्या फार्मासियात खलामध्ये भुकटी घोटणारा औषधविक्रेता, हे चित्र मागे पडले. बहुतेक औषधे आता पाकिटबंद मिळतात. तरीही जेथे कारखान्याची गोळी, कुपी किंवा मलम रुग्णाच्या गरजेत बसत नाही, तेथे मिसळणे अटळ ठरते, आणि अशा औषधांत कॉर्टिकोस्टेरॉइड वर्गाला महत्त्वाचे स्थान आहे.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करतात. हायड्रोकॉर्टिसोन हे तेच संप्रेरक, औषधाच्या रूपातले. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, ट्रायमसिनोलोन ही त्याची प्रयोगशाळेत घडवलेली भावंडे. (व्यायामशाळांतून बदनाम झालेली स्नायू वाढवणारी स्टेरॉइडे वेगळी, त्यांचा येथे संबंध नाही.) शरीरातील दाह आणि प्रतिकारशक्तीची अतिरेकी प्रतिक्रिया ही औषधे आवरतात. ग्रंथीच निकामी असेल तर ती जीव टिकवणारी पूरक संप्रेरके ठरतात.

या वर्गाची खरी अडचण अशी की त्यातला बिघाड बोलत नाही. दूध नासले तर वास येतो. स्टेरॉइडच्या पातळ औषधातील निम्मा अंश नष्ट झाला, तरी रंग, वास, चव यांत फरक पडेलच असे नाही. इंजेक्शनात जंतू किंवा बुरशी शिरली, तर स्टेरॉइड स्वतःच शरीराची धोक्याची घंटा दाबून ठेवते. सूज, ताप, वेदना ही लक्षणे उशिरा उमटतात. म्हणूनच इतर औषधांत खपून जाणारी ढिलाई येथे जिवावर बेतते.

फ्रेमिंगहॅम, २०१२

याचे सर्वांत भीषण उदाहरण अमेरिकेतील आहे. पाठीच्या किंवा पायात उतरणाऱ्या कळांसाठी मणक्याजवळ मिथाइलप्रेडनिसोलोन ॲसिटेटचे इंजेक्शन देण्याची पद्धत तेथे फार प्रचलित होती. कुपीतील जंतुरोधक द्रव्य मज्जातंतूंना अपाय करील, या भीतीने अनेक वेदनाचिकित्सा केंद्रे जंतुरोधकविरहित औषध मागत. मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम येथील न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर ते पुरवीत असे. ही संस्था कागदोपत्री औषधालय होती. प्रत्यक्षात ती हजारोंच्या संख्येने कुप्या भरून २३ राज्यांत पाठवीत होती. रुग्णाच्या नावाची चिठ्ठी असेल तरच औषध मिसळायचे, हा औषधालयाचा मूलभूत नियम तिने बनावट नावे लावून वाकवला होता.

सप्टेंबर २०१२ मध्ये टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील एका डॉक्टरने राज्याच्या आरोग्य खात्याला कळवले की, एका रुग्णाला बुरशीजन्य मेंदूज्वर झाला आहे. निरोगी प्रतिकारशक्तीच्या माणसाला असा मेंदूज्वर सहसा होत नाही. त्याने काही आठवड्यांपूर्वी मणक्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले होते. शोध घेता घेता एकाच ठिकाणी तयार झालेल्या तीन तुकड्या समोर आल्या. बहुतेक रुग्णांत सापडलेली बुरशी ‘एक्सरोहायलम रोस्ट्रेटम’ ही गवतावर, मातीत राहणारी, माणसाला क्वचितच बाधणारी. संशयित तुकड्यांतील इंजेक्शने सुमारे १४,००० रुग्णांना दिली गेली होती. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नोंदीनुसार २० राज्यांत ७५३ जण आजारी पडले आणि ६४ जण दगावले. तपासनीसांनी उरलेल्या कुप्या पाहिल्या तेव्हा एका तुकडीतील ३२१ पैकी ८३ कुप्यांत हिरवट काळे कण नुसत्या डोळ्यांना दिसत होते. तपासलेल्या ५० कुप्यांपैकी प्रत्येकीत सूक्ष्मजीव वाढले.

चुका कोणत्या होत्या? वाफेच्या दाबाखालील निर्जंतुकीकरण किमान २० मिनिटे व्हायला हवे होते. ते १५ मिनिटांच्या आसपास आटोपले जात असल्याचे अभियोगात नोंदले गेले. निर्जंतुकतेच्या चाचणीचा निकाल येण्याआधीच माल रवाना होत असे. स्वच्छ कक्षातील पृष्ठभागांवर बुरशी आढळल्याच्या संस्थेच्याच नोंदी होत्या, आणि त्यांवर कृती झाली नव्हती. संस्थेचा प्रमुख औषधनिर्माता बॅरी कॅडन याला २०१७ साली फसवणूक आणि संघटित गुन्हेगारीच्या आरोपांखाली दोषी ठरवण्यात आले. खुनाशी संबंधित आरोपांतून ज्यूरीने त्याला मुक्त केले. या घटनेनंतर नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेने कायदा करून मोठ्या प्रमाणावर निर्जंतुक औषधे मिसळणाऱ्यांसाठी ‘आउटसोर्सिंग फॅसिलिटी’ असा वेगळा वर्ग निर्माण केला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मिथाइलप्रेडनिसोलोन ॲसिटेट पाण्यात विरघळत नाही. ते सूक्ष्म कणांच्या रूपात तरंगते. पारदर्शक द्रावण जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून शेवटी गाळता येते, या औषधाचे तसे करता येत नाही. औषधाचे कणच गाळणीत अडकतील. म्हणजे निर्जंतुकीकरणाची सारी मदार उष्णतेवर आणि मिसळण्याच्या जागेच्या स्वच्छतेवर. त्यात जंतुरोधक नाही, आणि जेथे ते टोचायचे त्या जागी स्टेरॉइड प्रतिकारशक्ती झोपवणार. एकच कडी सैल झाली की पुढे अडवणारे काहीच राहत नाही.

डोळ्याच्या बाबतीत २०१७ साली डॅलस येथे याच जातीचा, पण निराळ्या कारणाचा प्रसंग घडला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत ट्रायमसिनोलोन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांचे मिसळलेले इंजेक्शन थेट डोळ्यात दिलेल्या किमान ४३ रुग्णांची दृष्टी मंदावली, रंगांची ओळख पुसट झाली. तेथे संशय गेला तो जंतूंवर न जाता औषधाला आधार म्हणून वापरलेल्या पोलोक्सामर या द्रव्याकडे आणि त्याच्या विघटनातून आलेल्या पदार्थांकडे. मूळ औषध निर्दोष असूनही त्याचा वाहक घात करू शकतो, हे त्यातून दिसले.

रेणू कसा बिघडतो

निर्जंतुकता हा प्रश्नाचा एक भाग झाला. दुसरा भाग रसायनाचा. हायड्रोकॉर्टिसोन, प्रेडनिसोलोन आणि त्यांच्या भावंडांच्या रेणूला एका टोकाला एक लहान शेपटी असते. रसायनशास्त्रात तिला १७व्या कार्बनावरील बाजूची साखळी म्हणतात. औषधाचा गुण बराचसा या शेपटीवर अवलंबून, आणि बिघाडाची सुरुवातही तेथूनच. हवेतील ऑक्सिजन, तांब्यासारख्या धातूंचे अत्यल्प अंश आणि द्रावणाचा अल्कधर्मी स्वभाव यांच्यामुळे तिचे ऑक्सिडीकरण होते. हायड्रोकॉर्टिसोन किंचित आम्ल द्रावणात, साधारण ३.५ ते ४.५ सामूच्या आसपास, सर्वाधिक टिकते. त्यामुळे गोळी कुटून ‘पाण्यात’ मिसळली या वाक्यातील पाणी कोणते, त्यात साखरेचा पाक कोणता, सामू राखणारे क्षार आहेत की नाहीत, यावर औषधाचे आयुष्य ठरते.

शिरेतून देण्याच्या औषधांचे रसायन वेगळे. हायड्रोकॉर्टिसोन पाण्यात फार कमी विरघळते. म्हणून कारखाना त्याला सक्सिनेट जोडून सोडियमचा क्षार बनवतो. हा क्षार सहज विरघळतो, पण पाण्यात राहिला की हळूहळू जोड तुटते आणि न विरघळणारे मूळ हायड्रोकॉर्टिसोन परत येते. म्हणूनच ही कुपी कोरड्या भुकटीची असते आणि वापरायच्या वेळी तिच्यात पाणी घालायचे असते. आम्ल स्वभावाच्या औषधांबरोबर एकाच सलाइनच्या नळीतून ती दिली, तर गढूळपणा किंवा साका येऊ शकतो. पाणी घातल्यानंतर मिथाइलप्रेडनिसोलोन सोडियम सक्सिनेट ४८ तासांत वापरावे, असे अमेरिकी उत्पादकाच्या माहितीपत्रकात नमूद असते. ही मुदत रेणूच्या टिकण्याची आहे. वॉर्डातील टेबलावर, अनेकदा सुई टोचलेल्या कुपीत जंतू शिरणार नाहीत, याची हमी तिच्यात नाही. हा फरक गजबजलेल्या वॉर्डात सर्वांत सहज विसरला जातो.

अर्भकाची बाटली

जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी या आनुवंशिक विकारात बाळाच्या ग्रंथी कॉर्टिसॉल पुरेसे बनवू शकत नाहीत. जगभरात साधारण १० ते १५ हजार जन्मांमागे एकाला हा विकार असतो. नवजात अर्भकांच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून तो ओळखता येतो. गोव्याने अशा तपासणीचा सरकारी कार्यक्रम २००८ साली सुरू केला होता. निदान झाले की त्या दिवसापासून आयुष्यभर दिवसातून तीन वेळा हायड्रोकॉर्टिसोन द्यावे लागते.

मात्रा शरीराच्या पृष्ठफळावर मोजतात : दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे १० ते १५ मिलिग्रॅम. पाव चौरस मीटर पृष्ठफळाच्या बाळाला हे दिवसाला अडीच ते पावणेचार मिलिग्रॅम होते. तीन वेळांत विभागले तर एका वेळी जेमतेम एक मिलिग्रॅम. गोळी मात्र पाच, दहा किंवा वीस मिलिग्रॅमची. पाच मिलिग्रॅमच्या गोळीचे सारखे पाच तुकडे सुरीने करून पाहावेत, म्हणजे औषधनिर्मात्याकडे धाव का घ्यावी लागते ते कळेल.

तो दोन मार्ग काढतो. एक, गोळ्या घोटून दुधाच्या साखरेसारख्या भुकटीत मिसळायच्या आणि पुड्या किंवा कॅप्सूल भरायच्या. दोन, दाट पातळ आधारद्रवात घोटून तरंगते औषध, म्हणजे सस्पेन्शन करायचे. दोन्हींत दोष राहू शकतात. जर्मनीतील मुलांसाठी औषधालयांत भरलेल्या हायड्रोकॉर्टिसोनच्या कॅप्सूलांच्या ५६ तुकड्या, एकूण १,१२५ कॅप्सूल, संशोधकांनी तपासल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २१ टक्क्यांहून थोड्या अधिक तुकड्या वजनाच्या किंवा औषधाच्या प्रमाणाच्या एकसारखेपणात नापास ठरल्या, आणि आणखी काहींच्या लेबलातच चूक होती. शिस्तीसाठी ख्यात असलेल्या देशातील ही स्थिती आहे.

सस्पेन्शनचा दोष साधा, पण रोजचा. औषधाचे कण तळाशी बसतात. बाटली नीट न हलवता दिलेल्या पहिल्या मात्रांत औषध कमी, शेवटच्या मात्रांत जास्त. आईने काटेकोरपणे एक मिलिलिटर मोजले तरी त्या मिलिलिटरमध्ये काय आहे, हे हलवण्यावर ठरते. आधारद्रव पुरेसा दाट नसेल तर तळाचा थर घट्ट बसतो आणि हलवूनही उठत नाही. चांगल्या आधारद्रवात मात्र हे औषध बरेच टिकते : मिलिलिटरला अडीच मिलिग्रॅम या प्रमाणाचे हायड्रोकॉर्टिसोन ५ आणि २५ अंश सेल्सिअसला ९० दिवस स्थिर राहिल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. परंतु २५ अंश हे कोणाच्या घरचे तापमान? पणजीत किंवा बेळगावात मे महिन्याच्या दुपारी स्वयंपाकघरातील फळी त्याहून बरीच तापते, आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यातील दमट हवा सैल झाकणाच्या बाटलीला मानवत नाही. त्या अभ्यासाचा निष्कर्ष त्याच प्रमाणाला, त्याच आधारद्रवाला, त्याच तापमानाला लागू. त्यातली एक गोष्ट बदलली की ९० हा आकडा उसना ठरतो.

मात्रा कमी पडली तर काय होते? काही दिवस काहीच नाही. मग एखाद्या तापात किंवा जुलाबात बाळ अचानक मलूल होते, रक्तातील साखर उतरते, रक्तदाब कोसळतो. याला अधिवृक्क संकट म्हणतात आणि त्यात तासांचा हिशेब असतो. मात्रा जास्त पडत राहिली तर चेहरा गोल होतो, वजन वाढते आणि उंची खुंटते. ही चिन्हे इतक्या संथपणे येतात की घरच्यांना ‘बाळसे’ वाटते.

अशा मुलांसाठी अर्ध्या मिलिग्रॅमपासून पुढच्या मात्रांतील हायड्रोकॉर्टिसोनचे कारखान्यात बनलेले दाणे युरोपात २०१८ साली आणि अमेरिकेत २०२० साली मान्य झाले. जेथे योग्य मात्रेचे तयार औषध उपलब्ध आणि परवडणारे असेल, तेथे मिसळण्याचा हट्ट धरू नये, हे तत्त्व सर्वमान्य आहे. प्रेडनिसोलोनची तयार पातळ औषधे मिळत असताना गोळी कुटण्याचे कारण उरत नाही. कंपाउंडिंग ही गरज आहे, काटकसरीची युक्ती नव्हे. फ्रेमिंगहॅमची कुपी खपण्यात तिच्या कमी किमतीचाही वाटा होता.

नवजात विभाग

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा एका वेळी एखादा मिलिग्रॅम लागते आणि कुपी असते १०० मिलिग्रॅमची. उरलेले औषध फेकायचे जिवावर येते. एक मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असे पातळ करताना दशांश चिन्ह एक घर सरकले तर दहापट मात्रा जाते. म्हणून दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे गणित तपासण्याची पद्धत येथे कसोशीने पाळावी लागते. शिवाय पातळ करायला घेतलेल्या द्रवात बेन्झिल अल्कोहोल हे जंतुरोधक नाही ना, हे पाहणे अनिवार्य आहे. अमेरिकेत १९८२ साली हे द्रव्य असलेल्या द्रवांमुळे धाप लागून १६ अकाली जन्मलेल्या बाळांचा मृत्यू झाल्याचे नोंदले गेले. मोठ्यांना सोसणारे द्रव्य त्या बाळांचे यकृत निपटू शकत नव्हते.

मलमे

त्वचारोगात स्टेरॉइडचे मलम व्हॅसलीनमध्ये किंवा सॅलिसिलिक ॲसिडच्या मलमात मिसळून देण्याची चाल जुनी आहे. मलम चौपट पातळ केले म्हणजे त्याचा जोर चौथाई होतो, असा समज असतो. त्वचेवर मात्र तसे प्रमाणात घडत नाही. बीटामेथासोन व्हॅलरेटचे तर आणखी एक गुपित आहे. त्यातील व्हॅलरेटचा गट १७व्या कार्बनावर असतो तेव्हा मलम जोरकस. उदासीन किंवा अल्कधर्मी आधारात तो सरकून २१व्या कार्बनावर जातो आणि जोर बराच ओसरतो. रेणूचे एकूण प्रमाण तेवढेच राहते, म्हणून दोन रूपे वेगळी न मोजणाऱ्या जुन्या चाचण्यांत मलम उत्तीर्ण होई. त्यातच डबा उघडून बोटाने मलम काढले की जंतू आले, आणि मूळ जंतुरोधक आधीच पातळ झालेले. कमी जोराचे मलम हवे असेल तर कमी जोराचे तयार मलम लिहून द्यावे, हा मार्ग अधिक शहाणपणाचा.

तारीख कोण ठरवतो

कारखान्याच्या औषधावरील अंतिम तिथी महिनोन् महिने केलेल्या चाचण्यांतून येते. मिसळलेल्या औषधावर असते ती ‘या तारखेनंतर वापरू नये’ अशी मर्यादा, आणि ती औषधनिर्मात्याने ठरवलेली असते. गोळीच्या मूळ पाकिटावर २०२७ लिहिले आहे म्हणून तिच्यापासून केलेले पातळ औषध २०२७ पर्यंत चालत नाही. गोळी फुटली त्या क्षणी ते वचन संपले.

अमेरिकी औषधसंहितेच्या १ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत, स्वतंत्र अभ्यास हाताशी नसेल तर जंतुरोधक नसलेल्या पाणीयुक्त औषधाला शीतपेटीत १४ दिवस, जंतुरोधक असलेल्याला ३५ दिवस, आणि पुड्या-कॅप्सूलांसारख्या कोरड्या रूपांना १८० दिवस अशा कमाल मर्यादा आहेत. भारतात कंपाउंडिंगसाठी असा वेगळा कायदा नाही. औषधे नियम, १९४५ मधील ६५वा नियम सांगतो की, परवानाधारकाच्या जागेत मिसळले जाणारे औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्याने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली तयार व्हावे. माणूस कोण असावा हे त्यात स्पष्ट आहे. प्रत्येक मिश्रणाचा टिकाऊपणा कसा ठरवावा, याची जबाबदारी मोठ्या प्रमाणात त्या माणसाच्या विवेकावर आणि रुग्णालयाच्या लेखी पद्धतींवर येते. ज्या रुग्णालयात प्रत्येक मिश्रणाची कृती लिहिलेली आहे आणि केव्हा, कोणी, कोणत्या तुकडीच्या गोळ्यांतून ते केले याची नोंदवही आहे, तेथे चूक झाली तरी ती शोधता येते.

रुग्णाच्या नातेवाइकांनी बाटली हाती घेताना लेबल वाचावे. औषधाचे नाव, एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम, केव्हा केले, केव्हा टाकून द्यायचे आणि कोठे ठेवायचे, यांपैकी काही लिहिलेले नसेल तर तेथल्या तेथे विचारावे. त्यात संकोच कसला? डॉक्टरांशी बोलताना मात्रा मिलिग्रॅममध्ये सांगावी. मडगावच्या बाटलीत मिलिलिटरला एक मिलिग्रॅम आणि हुबळीच्या बाटलीत पाच, असे घडू शकते. ‘एक मिलिलिटर देतो’ या उत्तराचा अर्थ तेव्हा पाचपट बदलतो. चमच्याऐवजी तोंडाने देण्याची सिरिंज वापरावी. दर वेळी बाटली तळ स्वच्छ दिसेपर्यंत हलवावी. तारीख उलटली किंवा शंका आली म्हणून स्टेरॉइड परस्पर बंद करू नये, विशेषतः ग्रंथींच्या विकारात. नवी बाटली मिळेपर्यंत काय द्यायचे हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. अशा मुलाला उलट्या सुरू झाल्या, ते सुस्त पडले, तर थांबू नये, थेट रुग्णालय गाठावे.

मिसळलेल्या औषधाने अपाय झाल्याचा संशय असेल तर बाटली धुऊन टाकू नये. तिचे झाकण लावून, लेबलासकट, शीतपेटीत ठेवावी आणि डॉक्टरांकडे द्यावी. तुकडीचा क्रमांक आणि उरलेले औषध हाच तपासाचा पुरावा असतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालवला जातो. त्याच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईकही थेट कळवू शकतात.